इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास आणि मराठी मन



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण करून संस्थेने माझा जो गौरव केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत इंग्रजी शिकवीत आणि घरी तुकोबांची गाथा वाचीत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याने इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासंबंधी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या विद्यापीठांतील मराठीचा विभाग हा इंग्रजीच्या विभागाचा धाकटा भाऊ आहे. त्याचे पेपर, त्याच्या पदव्या, त्याची प्रश्नपत्रिका काढण्याची रीत, किंबहुना ‘वाङ्मय हा परीक्षेचा विषय होऊ शकतो’ ही कल्पनाच थोरल्या भावाकडून आलेली आहे. तेव्हा थोरल्याचे चरित्र पाहिल्याशिवाय धाकट्याच्या स्वभावाचा उलगडा होत नाही.

या चरित्रातील पहिली नवलाची गोष्ट अशी की, हा विषय आपण समजतो तसा विलायतेत तयार होऊन आपल्याकडे आला, असे घडलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे वाङ्मय म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. स्वतःच्या मातृभाषेतील काव्यनाटके सभ्य गृहस्थाने फावल्या वेळी वाचावीत, त्यांत परीक्षा ती कसली घ्यायची, अशी तेथील धारणा होती. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे १७६२ साली ह्यू ब्लेअर यांच्यासाठी वक्तृत्व व ललितवाङ्मय यांचे अध्यासन निर्माण झाले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ पासून इंग्रजीचा प्राध्यापक होता. परंतु ऑक्सफर्डने इंग्रजीची स्वतंत्र शाखा मान्य केली ती १८९४ साली, आणि केंब्रिजने इंग्रजीची ट्रायपॉस परीक्षा स्थापली ती १९१७ साली. उलट कलकत्त्याचे हिंदू कॉलेज १८१७ चे. तेथे पुढे कॅप्टन रिचर्डसन शेक्सपिअर शिकवीत होते, त्या काळी ऑक्सफर्डचा विद्यार्थी शेक्सपिअर शिकत नव्हता. आणखी एक योगायोग पाहा. ऑक्सफर्डने १९०४ साली इंग्रजी वाङ्मयाचा आपला पहिला प्राध्यापक म्हणून ज्यांना नेमले, त्या वॉल्टर रॅले यांनी तरुणपणी, १८८५ ते १८८७ या काळात, अलीगढच्या महाविद्यालयात अध्यापन केले होते.

हे असे का घडावे? १८१३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीवर हिंदुस्थानातील विद्येसाठी दरसाल एक लाख रुपये खर्च करण्याचे बंधन घातले. तो पैसा संस्कृत-अरबीवर खर्चावा की इंग्रजीवर, हा वाद वीस वर्षे चालला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेसाहेबांनी आपले सुप्रसिद्ध टिपण सादर केले आणि ७ मार्च रोजी बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने निर्णय दिला. संस्कृत किंवा अरबी आपल्याला येत नाही, हे त्या टिपणातच मेकॉलेने कबूल केले आहे. तेवढ्याने त्याचा निकाल देण्याचा उत्साह मात्र कमी झाला नाही. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. सरकारी शाळांतून बायबल शिकवणे कंपनीला परवडणारे नव्हते. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहणे हे तिच्या राज्याच्या स्थैर्याला आवश्यक होते. मग नवशिक्षितांच्या मनाला वळण कसे लावायचे? धर्मग्रंथाचे काम काव्यग्रंथाकडून करून घ्यावे, शेक्सपिअर, मिल्टन आणि अ‍ॅडिसन यांच्या द्वारा इंग्रजी नीती आणि इंग्रजी श्रेष्ठत्व या दोन्ही गोष्टी मनात उतरवाव्यात, असा हा मार्ग होता. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या ग्रंथात या गोष्टीची कागदोपत्री छाननी केली आणि त्यानंतर हा विषय शिकवणाऱ्यांना स्वतःच्या विषयाकडे पूर्वीसारखे निरागसपणे पाहता येईना.

राज्यकर्त्यांचे दुसरे हत्यार परीक्षा हे होते. १८५३ नंतर सनदी नोकरी स्पर्धेच्या परीक्षेने मिळू लागली. त्या परीक्षेच्या पहिल्या योजनेत इंग्रजी भाषा, वाङ्मय आणि इतिहास मिळून १५०० गुण होते आणि संस्कृतला ३७५. ज्या विषयाला गुण अधिक, त्याला मान अधिक, हा न्याय आपल्या पालकांना आज नव्याने सुचलेला नाही.

आता मुंबई इलाख्याकडे वळू. येथील कथा कलकत्त्याहून निराळी आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत देशी भाषांतून शिक्षण आणि देशी भाषांत पुस्तके, हे धोरण बरेचसे रुजले होते. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे, आणि ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. हे बाळशास्त्रीच पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. दोन भाषांचे दोन स्तंभ शेजारीशेजारी छापण्याची ही ‘दर्पण’ची पद्धत मला पुढच्या सर्व विवेचनाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण वाटते. १८४० नंतरच्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठा झगडा झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचे कैवारी. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. शंकरशेटांना इंग्रजीचे महत्त्व कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण बहुजनांपर्यंत विद्या पोचायची तर ती त्यांच्या भाषेतूनच पोचेल, एवढा व्यवहार त्यांना पेरीसाहेबांपेक्षा अधिक कळत होता.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाच्या आरंभीच्या काही वर्षांतच देशी भाषांना वरच्या परीक्षांतून हलवून त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा आणण्यात आल्या. म्हणजे मराठी मुलाने पदवीपर्यंत मराठीचा एक शब्दही न लिहिता जावे, अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था बदलावी म्हणून ज्यांनी अखेरपर्यंत खटपट केली ते न्यायमूर्ती रानडे त्याच पहिल्या चारांपैकी. १८९८ सालचे मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे टिपण हे या खटपटीचेच अंग आहे. कोणत्या प्रकारची किती पुस्तके निघाली याचा हिशेब मांडून मराठी ही अभ्यासाला योग्य भाषा आहे हे त्यांना सिद्ध करावे लागले. आणि ते सिद्ध करण्यासाठी टिपण लिहिले गेले इंग्रजीत! तिकडे कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने १९१९ साली देशी भाषांचे एम. ए. सुरू झाले.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास म्हणजे राज्यकर्त्यांनी टाकलेले जाळे, आणि आपण त्यात सापडलेले पक्षी. हे अर्धसत्य आहे. शिकवणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याचे फळ ही एकच असतात असे नाही; तसे असते तर शिक्षकांचे काम फारच सोपे झाले असते. डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करतात, आणि जॉन्सन, मेकॉले यांच्याकडून उचललेली निबंधाची तलवार परत इंग्रजांवरच चालवतात. त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनीच पुरे केले. आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’चे मराठी करीत होते, तेच १८८३ साली ‘विकारविलसित’ म्हणून प्रसिद्ध झाले. आणि त्यावर सविस्तर टीका लिहिली ती कोणी? विद्यार्थिदशेत असलेल्या हरि नारायण आपटे यांनी. हरिभाऊ पुढे पदवीधरही झाले नाहीत. एका मराठी तरुणाने मूळ इंग्रजी नाटक आणि त्याचा मराठी अवतार शेजारी ठेवून, भाषांतरकर्ता कितीही थोर असला तरी भीड न धरता, मराठीतून निर्णय द्यावा: वाङ्मयाचा अभ्यास याहून निराळा कोणता असतो? महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ चा, देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा, शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ १९५४ चा, विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ १९७४ चा. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस शेक्सपिअरची परीक्षा आपल्या भाषेत देतो आहे, आणि हा पेपर त्याला कोणत्याही विद्यापीठाने लावलेला नव्हता.

आपल्या बडोद्यापुरते पाहिले तरी हेच दिसते. केशवसुतांचे काही शालेय शिक्षण याच गावी झाले. ते मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत, पण इंग्रजी कवितेच्या वाचनाने त्यांना जे दिले त्यातून मराठी काव्याचे युग पालटले. मराठीतील पहिले सुनीत १८९२ साली त्यांनीच लिहिले. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर यांनी मिल्टनच्या जुळ्या कवितांना ‘रंगराव हर्षे’ आणि ‘चिंतोपंत उदास’ अशी अस्सल मराठमोळी नावे आणि मराठी देह दिला. मिल्टनला आपल्या ओसरीवर बसवण्याची ही हिंमत, मला वाटते, परीक्षेसाठी मिल्टन पाठ करणाऱ्याला होणार नाही.

पाठांतराचा विषय निघाला तर बडोदा कॉलेजातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. अरविंद घोष १८९३ साली महाराजा सयाजीरावांच्या सेवेत आले आणि १९०६ पर्यंत येथे होते. कॉलेजात त्यांनी प्रथम फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवले. कन्हैयालाल मुनशी हे त्यांचे विद्यार्थी. केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या या तरुण अध्यापकाला येथील मुले प्राध्यापकाचा शब्द न् शब्द उतरून घेतात आणि तो तोंडपाठ करतात, याचे मोठे आश्चर्य वाटले. एकदा ते सदेच्या ‘नेल्सनचे चरित्र’ या पुस्तकावर बोलत होते. वर्गातून तक्रार आली की, आपण सांगता ते नोट्समध्ये दिल्याप्रमाणे नाही. त्यावर त्यांनी उत्तर दिले की, नोट्स मी वाचलेल्या नाहीत, आणि त्या बहुधा टाकाऊच असतात. ही आठवण पुढे त्यांनी स्वतः पाँडिचेरीत सांगितली. बडोदा कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. परीक्षा मुंबईची, पुस्तके विलायतेची, नोट्स बाजारातल्या. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भाषेत आपण स्वप्न पाहत नाही, त्या भाषेतील कवितेवर स्वतःचे मत द्यायला धैर्य लागते, आणि ते दिल्याबद्दल गुण मिळतील याची हमी नसते.

खुद्द केंब्रिजमध्ये तरी काय होते? आय. ए. रिचर्ड्स यांनी तेथील विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकून निव्वळ कविता वाचायला दिल्या आणि त्यांवर लेखी अभिप्राय मागवले. त्या अभिप्रायांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९२९ साली निघाला. नाव झाकले जाताच हुशार, इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही गडबडली. चांगल्या कवितेला त्यांनी टाकून बोलले आणि सामान्य कवितेची तारीफ केली. म्हणजे दोष भाषेपुरता नव्हता. दुसऱ्याच्या मताच्या आधाराशिवाय वाचण्याची सवयच कोठे लावली जात नव्हती. रिचर्ड्स यांचा प्रयोग आणि बडोद्याच्या वर्गातील ती तक्रार ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

आता वाङ्मयाच्या अभ्यासाचे जे दुसरे अंग, म्हणजे लेखन, त्याकडे येतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू केली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली लेखनाचे एम. ए. सुरू झाले. आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ साली गेले होते. लेखन शिकवता येते का, असा प्रश्न विचारून आपल्याकडे अजूनही मंडळी मान हलवतात. त्यांना मी आपल्याच गावचे एक पुस्तक दाखवतो. गायकवाड्स ओरिएंटल सिरीज या विख्यात ग्रंथमालेचा पहिला क्रमांक, १९१६ साली प्रसिद्ध झालेला, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा आहे. राजशेखर नवव्या-दहाव्या शतकातला, कनौजच्या दरबारी राहिलेला, पण आपल्या पणजोबांचा ‘महाराष्ट्रचूडामणि’ असा उल्लेख करणारा. म्हणजे परप्रांतात नांदलेल्या घराण्यातला, आपल्यासारखाच. हे पुस्तक कवी घडवण्याचे पुस्तक आहे. कवीने दिवसाचे प्रहर कसे वाटावेत, केव्हा अभ्यास करावा, केव्हा रचना करावी, जेवणानंतर काव्यगोष्ठीत कसे बसावे, आणि सकाळी लिहिलेले दुपारनंतर पुन्हा कसे तपासावे, हे सारे त्यात आहे. तपासायचे अशासाठी की, लिहिण्याच्या भरात विवेकाची दृष्टी राहत नाही. प्रतिभेचे त्याने दोन प्रकार सांगितले: निर्माण करणारी ती कारयित्री आणि आस्वाद घेणारी ती भावयित्री.

या परिभाषेत सांगायचे तर आपल्या विद्यापीठीय वाङ्मयाभ्यासाने कारयित्री प्रतिभेला दारातच थांबवले, आणि भावयित्रीलाही आत घेतले ते तिच्या हाती मार्गदर्शक देऊन. तरीदेखील इंग्रजीच्या विभागांतून मराठीला मिळालेले लेखक मोजा. बा. सी. मर्ढेकर विलायतेत राहून आले, त्यांनी महाविद्यालयांतून इंग्रजी शिकवले, ‘आर्ट्स अँड मॅन’ इंग्रजीत लिहिले आणि कविता मात्र मराठीत लिहिली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यांनी १९५७ साली मराठीत आणले. विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. भालचंद्र नेमाडे जन्मभर इंग्रजी शिकवते झाले आणि देशीयतेचा सर्वांत आग्रही पुरस्कार त्यांनीच केला. गणेश देवी १९८० ते १९९६ अशी सोळा वर्षे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते. १९९२ साली ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ या ग्रंथात त्यांनी भारतीय समीक्षेच्या स्मृतिभ्रंशाचे निदान केले आणि पुढे विद्यापीठ सोडून आदिवासींच्या भाषांकडे वळले. ही सर्व माणसे परस्परांशी पुष्कळ भांडली असती. परंतु एक गोष्ट त्यांच्यात समान आहे. इंग्रजी त्यांनी मराठी बाजूला ठेवून वाचली नाही. ‘दर्पण’च्या दोन स्तंभांप्रमाणे दोन्ही भाषा त्यांच्या डोळ्यांपुढे शेजारी होत्या.

आणि म्हणूनच आजची स्थिती मला अधिक चिंतेची वाटते. महाराष्ट्राबाहेरच्या गावोगावी मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत चालले आहेत. आपली शाळाही त्याला अपवाद नाही, हे आपण सर्व जाणता. मुलांना इंग्रजीत घालणाऱ्या पालकांना मी दूषण देणार नाही. पोटाची भाषा निवडण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि रानड्यांपासून आंबेडकरांपर्यंत आपल्या सर्व थोरांनी इंग्रजीचा लाभ घेतला आहे. परंतु पालकांना आज इंग्रजी हवी आहे ती मुलाखतीपुरती. इंग्रजी वाङ्मय नको आहे. म्हणजे मराठी सुटते आणि तिच्या बदल्यात शेक्सपिअर मिळतो असेही होत नाही. जुन्या मुलाने मेकॉलेच्या व्यवस्थेत निदान मिल्टन तरी वाचला होता. त्याच्या नातवंडाला ना मिल्टन ठाऊक, ना चंद्रशेखरांचे ‘चिंतोपंत’. दोन्हीकडचे दार बंद झालेला असा पहिलाच मराठी वर्ग आपल्या डोळ्यांदेखत तयार होत आहे. शासनाने काय करावे ते शासनाला सांगणारे पुष्कळ आहेत. एका शाळेला काय करता येईल तेवढेच मी सांगतो.

आठवड्यातून एक तास असा ठेवावा की, ज्यात मार्गदर्शक पुस्तक वर्गात येणार नाही. त्या तासाला एक इंग्रजी आणि एक मराठी कविता, कवींची नावे झाकून, शेजारीशेजारी फळ्यावर लिहावी. मुलांनी आपले मत लिहावे, आणि ते चुकले म्हणून गुण कापू नयेत. महिन्यातून एकदा मुलांनी स्वतः काही लिहावे, राजशेखर सांगतो त्याप्रमाणे ते काही काळ बाजूला ठेवावे, आणि पुन्हा तपासून मग हस्तलिखितात घालावे. मराठी वर्गातील मुलांनी हे करावे, आणि इंग्रजी वर्गात गेलेल्या आपल्या मराठी मुलांनाही त्या तासाला बोलवावे. भाषा त्यांचीही आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, आपण ग्रंथालयासाठी देणगी द्याल तेव्हा त्याच पुस्तकाचे मूळ आणि मराठी रूप अशी जोडी द्यावी: ‘किंग लिअर’ आणि त्याच्याशेजारी विंदांचा ‘राजा लिअर’. या कामाला फार द्रव्य लागत नाही. शिक्षकाची तयारी आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात काढून दिलेला एक तास एवढेच लागते.